धारगळच्या लॅबमधली दुपार

डिचोली,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सेजलचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बाबांची साखर वाढली होती, गोळी बदलल्यावर उतरली. तुळशीच्या लग्नाला आई अंगणात आली नाही, पण पोहे तिनेच केले. तुझा खाणीवरचा टिपर माडाखाली उभा आहे. बाबा रोज सकाळी इंजिन चालू करतात, थोडा वेळ ऐकत बसतात आणि बंद करतात.

हे पत्र संजना वहिनी मुलाखतीला येईल तेव्हा देईल. आधी जेलमधले साहेब वाचतील. वाचू देत.

वहिनीकडे तू निरोप दिलास, "गोकुळदासान पोलिसांकडे माझां नाव घेतला, तेका सोडू नकात." तुझ्या मित्रांनी तो पाळला. काल संध्याकाळी धारगळच्या तिठ्यावर, चहाच्या गाड्यासमोर, चौघांनी जीपवाल्या गोकुळदासला खाली पाडलं. दोघांनी पाय धरला आणि एकाने दगड घालून गुडघा फोडला. त्याची बायको रूपाली मध्ये पडली, तर तिचंही मनगट मोडलं. गाडेवाला सांगत होता, तो माणूस ओरडायचा थांबला तरी ते मारतच होते.

म्हणून आज लिहायला बसले.

मी आणि माझ्याबरोबर काम करणारा तुषार धारगळच्या त्या लॅबमध्ये काय करत होतो, हे तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं, खाण बंद पाडायला निघालो आहोत. अरे, आम्ही खाणीच्याच लाल मातीतलं लोखंड वेगळं काढत होतो. त्याची इतकी बारीक भुकटी करायची की एकेक कण केसाहून हजारपट लहान. तिचा पातळ थर काचेवर चढवला आणि काच गढूळ पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, की पाण्यातलं विष तुटू लागतं. चढवलेला थर पहिल्यांदा एकसारखा बसला तेव्हा तुषारने काच उन्हात धरली होती. तांबूस उजेड पडला होता त्याच्या तोंडावर.

माती कशाची बनली आहे हे आधी तपासावंच लागतं. त्या तपासणीत शेतांतल्या गाळात खाणीतून वाहून आलेलं मँगनीज सापडलं, पिकाला आणि माणसाला घातक इतकं. शेतकऱ्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. ते रस्त्यावर बसले, टिपर थांबले. तू त्या दिवशी जेवताना ताट भिंतीवर फेकलंस आणि मला म्हणालास, "तू माझ्या पोटार पाय दिलंस." मला वाटलं, राग ताटावर निघाला.

त्या दुपारी तुमचं टोळकं लॅबमध्ये घुसलं तेव्हा मी खिडकीजवळ जेवणाचा डबा उघडत होते. पाचही जणांची तोंडं बांधलेली. पहिल्याच फटक्यात मायक्रोस्कोप गेला. मग काचांचं कपाट, आमचं वर्षभराचं काम त्यात होतं. भट्टी चालू होती, आतली नळी लालबुंद, आणि तिच्यातून हायड्रोजन वाहत होता. तुषार ओरडला, "दादा, नळी फोडू नकात! आत गॅस आसा!"

दादा म्हणाला तो. चवथीला आपल्याकडे जेवला होता, तूच त्याला पातोळ्या वाढल्या होत्यास. त्याने तुला ओळखलं होतं. आणि मी तर तू "सेजू, भायर सर!" म्हणालास तेव्हाच ओळखलं. पण तोवर तुझा दांडा नळीवर आला होता.

स्फोट झाला. माझ्या गालात काचा घुसल्या. नळीच्या तोंडातून ज्वाळ निघतच राहिली, कारण सिलिंडर उघडा होता. तुषार धावला. तुला वाटलं, तुझ्या अंगावर येतोय. दादा, तो तुझ्या पाठीमागच्या सिलिंडरकडे जात होता. तू त्याच्या खांद्यावर दांडा घातलास. हाड मोडल्याचं मला दिसलं, हात लोंबकळायला लागला. तो पडला, अॅप्रनने पेट घेतला, आणि तसाच जळत, सरपटत जाऊन त्याने दुसऱ्या हाताने कॉक बंद केला. सिलिंडर फुटला असता तर तुम्ही पाचजण दारापर्यंतसुद्धा पोचला नसता.

तुम्ही पळालात. मी त्याच्यावर पाण्याची बादली ओतली. कातडी पाण्याबरोबर उतरली.

बांबोळीच्या इस्पितळात दंडाधिकारी त्याची जबानी घ्यायला आले. तो म्हणाला, "तोंडं बांधलेली होती, कोणाला ओळखलं नाही." ते गेल्यावर मी त्याच्या तोंडाजवळ वाकले. ओठ सुजले होते, शब्द नीट फुटत नव्हते. "भाव तुझो," तो म्हणाला. "नाव घेवचा तर तूच घे."

तिसऱ्या दिवशी तो गेला.

अग्नी दिल्यावर त्याच्या आईने, सुमनकाकूंनी, माझं मनगट धरलं. "तू थंय होतंस. कोण होतो?" मी त्यांच्या कानात तुझं नाव सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर मला थोबाडीत मारली. पुन्हा मारली, गालावरचे टाके उसवेपर्यंत. आणि मग मलाच धरून खाली बसल्या. तिथून मी सरळ पोलीस ठाण्यावर गेले. तू मावशीकडे बांद्याला आहेस, हेही मीच सांगितलं.

गोकुळदास काही साधू नाही. जीपमध्ये भरून तुम्हाला त्यानेच आणलं होतं, तेही मी जबानीत सांगितलं आहे. पण पोलिसांनी त्याला चौकशी करून सोडलं म्हणून तू भलताच हिशेब केलास. त्याने तुझं नाव घेतलं नाही. शेवटपर्यंत नाही.

आई-बाबा अजून गोकुळदासलाच शिव्या घालतात. नाव मीच दिलं, हे आज जेवताना त्यांना सांगणार आहे. मग आई मला घरात ठेवील की नाही, माहीत नाही. कोर्टात बोलावतील तेव्हा तुझ्यासमोर उभी राहून हेच बोलेन.

तू एवढंच कर. वहिनी समोर आहे तोवर तिच्याकडे दुसरा निरोप दे, की गोकुळदासला आता कोणी हात लावू नका. आणि सुटून आल्यावर ज्याने नाव घेतलं त्याचा हात तोडायचाच असेल, तर तो हात हे पत्र लिहितोय.

लहानपणी तुझ्या पाठीवर बसून व्हाळ ओलांडणारी,
आणि पोलिसांना तुझं नाव सांगणारी,
सेजू