सिग्नलची तार

आबा, आज दुपारी मी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. दचकू नका, जावई तुमचे धडधाकट आहेत, कामावर गेलेत. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही. पण दुपारपासून मला एका जागी बसवत नाही. दोनदा दूध तापवलं, त्यात एकदा उतू घालवलं. लेक ओसरीवर चिंचोक्यांशी खेळतेय. पाच वर्षांची आहे. चिंचोका उचलायला जाते आणि बोटं त्याच्या शेजारी जमिनीवर पडतात. तिकडे बघायचं नाही असं मी ठरवते आणि परत बघते.

माझंही असंच होतं, आठवतं का? मळवलीच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये आईच्या चुलीशी बसून मी चहा ओतायचे, तर निम्मा कपाच्या बाहेर. आई म्हणायची, "वाईच नीट बघून वत की गं!" मी नीट बघूनच ओतत होते. उन्हात गेले की एक डोळा आपोआप मिटायचा, फळ्यावरचं वाचताना मान वाकडी व्हायची. तुमच्या सिग्नल केबिनचा जिना चढताना मी पायऱ्या मोजायचे, कारण कुठली जवळ आणि कुठली लांब ते मला कळायचं नाही. एके दिवशी मोजणी चुकली आणि भाकरीबरोबर आणलेलं सगळं कालवण तुमच्या खटक्यांवर सांडलं. सिग्नलचे ते लोखंडी खटके तुम्ही फडक्यानेच धरायचात, घामाचा हातसुद्धा लागू द्यायचा नाहीत. तुम्ही एक थोबाडीत ठेवून दिलीत. "डोळं हायेत का बटणं?" गालाचं काही नाही, तो संध्याकाळपर्यंत शांत झाला. ते वाक्य मात्र मी अजून विसरलेली नाही.

मग शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, पोरीचे डोळे दाखवून घ्या म्हणून. तुम्हाला ती लागली. "आमच्या घरात कुनाचं डोळं खराब न्हाईत," तुम्ही आईला ठणकावलंत. "रेल्वेचा डाक्टर मला दर बारीला पास करतोय. आन् चष्मावाल्या पोरीला कोन करून घील?" पण तुम्ही कामाला पक्के, चिठ्ठी चुलीत घातली नाहीत. सुट्टीच्या दिवशी मला क्वार्टरच्या मागे दगडावर बसवलंत आणि रेल्वेचा डॉक्टर तुमचा एकेक डोळा झाकून तपासायचा, तशी माझी तपासणी मांडलीत. उजवा झाकला तेव्हा डाव्याने सगळं दिसलं. मग तुमचा खरखरीत तळहात माझ्या डाव्या डोळ्यावर आला आणि लांबचा सिग्नलचा खांब नाहीसाच झाला. ताकाच्या निवळीसारखं नुसतं पांढुरकं राहिलं.

"आता गाडी यायची हाय. सिग्नलचा हात पडला की सांग."

हात कसला, मला खांबही दिसत नव्हता. पण तिकडे केबिनमध्ये तुमच्या जोडीदाराने खटका ओढला की आपल्या मागून जाणारी सिग्नलची तार आधी ताणली जायची, कप्पीवर कर्रकन वाजायची आणि मगच खांबावरचा हात खाली यायचा. मी त्या तारेच्या शेजारी वाढलेली पोर. कर्र झालं, मी ओरडले, "पडला!" गाडी गेली, तार सैल झाली. "उठला!" दुसऱ्या गाडीलाही तेच. तुम्ही हसलात, माझ्या पाठीवर थाप मारलीत. "बग, लांबचं समदं दिसतंय पोरीला. बाईस्नी काय कळतंय!" संध्याकाळी लोणावळ्याहून गुडदाणी आणलीत, अख्खा पुडा मला एकटीला. मी सात वर्षांची होते. खरोखर चुकले तेव्हा थोबाडीत मिळाली होती आणि खोटं बोलले तेव्हा गुडदाणी. मग मी कशाला तोंड उघडते?

सतराव्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा डोळा आळसावला, आता चष्म्यानेही फारसं काही व्हायचं नाही. सहा-सात वर्षांची असताना आणली असतीत, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून याला कामाला लावला असता. परतीच्या गाडीत तुम्ही टोपी मांडीवर घेऊन बसला होतात. मळवलीला उतरल्यावर म्हणालात, "म्या तपासलं व्हतं की गं. येक डोळा झाकून तपासलं व्हतं." तेव्हाच सांगायला हवं होतं की मी तार ऐकत होते. मला लाज वाटली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, ते ओझं घेऊनच गेलात.

लाजेचा पुढे राग झाला, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं खटके ओढणाऱ्या माणसाला तार आधी वाजते हे ठाऊक नव्हतं? नुसत्या आवाजावरून तार कुठे अडकलीय ते सांगायचात तुम्ही! मग त्या दिवशी तुमचे कान कुठे गेले होते? अकरा वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी हे भांडण भांडतेय.

गेला महिनाभर मी लेकीची तशीच परीक्षा घेतेय. इथे वलवणला अंगण मोठं आहे. तिच्या एका डोळ्यावर रुमाल बांधायचा, मी अंगणाच्या टोकाला उभी राहायचं आणि विचारायचं, हात वर की खाली? पोरीने एकदाही चूक केली नाही. हे म्हणाले, "एकदा पुण्याला दाखवून आण." मी म्हटलं, "मी रोज तपासते ना!" आज मात्र काय झालं कोण जाणे, मी बांगड्या उतरवल्या. सवाष्णीने हात मोकळे ठेवू नयेत, आईचं बजावणं आठवत होतं, तरी उतरवल्या. हात वर केला. पोर गप्प. खाली आणला. गप्पच. मान वाकडी करून तिने कान माझ्याकडे केला आणि रडवेली होऊन म्हणाली,

"आई, वाजव ना."

मी धावत जाऊन तिला कुशीत घेतलं. ती विचारत राहिली, मी चुकले का, आई? नाही गं बाई, तू नाही चुकलीस. मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं आणि तुम्हालाही, आबा.

उद्या पहिल्या गाडीने तिला पुण्याला नेतेय. पाचच वर्षांची आहे, अजून वेळ आहे, असं दुपारपासून शंभरदा घोकलंय. हे पत्र फडताळात बांगड्यांच्या खाली ठेवते. आता तुमच्याशी भांडायला माझ्याकडे तोंड नाही. तुम्हाला ती तार ऐकू येत होती. मला कसं कळलं म्हणाल, तर बांगड्या वाजतात हे मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं, आणि तरी महिनाभर मी त्या हातातच ठेवल्या.