तिसऱ्या ओळीला थांबणारी पेटी

अहो,

आत्ताच किन्हवलीहून आले. कुलूप उघडलं, चपला काढल्या आणि सवयीने आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "जमलं बरं का आज." मग भानावर आले. भिंतींशी तरी किती बोलायचं? म्हणून हे पत्र. तुम्ही गेल्यापासूनचं सगळं लिहीत बसणार नाही, घाबरू नका. फक्त पेटीचं सांगते.

तुम्ही गेलात आणि तुमच्या गावच्या, किन्हवलीच्या देवळातलं बायकांचं गुरुवारचं भजन बंद पडायला आलं. टाळ होते, गळे होते, पेटी वाजवायला कोणी नव्हतं. एका गुरुवारी बिचाऱ्या तशाच गायला बसल्या, तर प्रत्येकीचा सूर वेगळा. पुढच्या गुरुवारी निम्म्याच आल्या. मग सुमनवहिनी एसटीने शहापूरला, आपल्या घरी आल्या.

"मॅडम, आता तुमी वाजवा. कॉन्व्हेंटात पियानो शिकलात ना?"

तुम्ही चेष्टेने मला मॅडम म्हणायचात, ते सगळ्या गावाने उचललंय. आता तुम्हीच नाही, आणि नाव तेवढं राहिलं.

वाजवलं असतं हो. पण माझा डावा खांदा तुम्हाला माहीतच आहे. भाता मारायला हात मागेपुढे होतच नाही. तुमची मुरबाडहून आणलेली पेटी माझ्या जुन्या साडीच्या खोळीत तशीच होती. गुरुवार आला की मला तिच्याकडे बघवत नसे.

केतकी सुट्टीवर आली होती. तिने युक्ती काढली. ती भाता मारायची, मी पट्टी दाबायची, आणि एकेक सूर लॅपटॉपमध्ये भरून घ्यायचा. मग तेच सूर स्क्रीनवर ओळीने मांडायचे की कॉम्प्युटर भजन वाजवतो. मध्यमाची पट्टी अजून खडखडते, तीही तशीच भरली. सूर सुरू होण्याआधी भात्याचा तो बारीक सुस्कारा येतो ना, तो केतकीने साफ करून टाकला होता. मी परत घालायला लावला. "आई, तो नुसता आवाज आहे," म्हणाली. मी म्हटलं, असू दे.

मंडळाचं शेवटचं भजन घेतलं, तुम्ही चाल लावलेलं. सिस्टर पियानो शिकवताना शेजारी टक-टक करणारं यंत्र ठेवायच्या, तशी मी प्रत्येक सूर अगदी मापात बसवला. लावून ऐकलं. आवाज तुमच्या पेटीचा, पण वाजवणारा कोणीच नाही! रिकाम्या खुर्चीवर तुमचा सदरा टाकून ठेवावा, तसं वाटलं.

तरी देवळात नेलं. पहिल्या दोन ओळींतच बायकांची दमछाक.

"गो मॅडम, हा थांबतच नाय," सुमनवहिनी म्हणाल्या. "ह्याची काय शेवटची एसटी सुटतेय?"

केतकीला फोन केला. ती म्हणाली, एकच सूर पुन्हा पुन्हा तसाच आला की कान ओळखतो. मग शेजारच्या मीनाला भात्याला बसवून प्रत्येक सूर तीन-चार तऱ्हांनी पुन्हा भरला, कधी हलका, कधी भरदार. कुठे जोर कमी केला, कुठे लांबवला. बरंच सुधारलं, पण तुम्ही नव्हतात.

"आई, त्यात माणसासारखं वाजवायचं एक बटण आहे," केतकी म्हणाली.

"मग आधी नाही का सांगायचं?"

दाबलं. कॉम्प्युटरने कुठला सूर थोडा पुढे, कुठला थोडा मागे ढकलून दिला, मनाला येईल तसा. देवळात लावलं तर सुमनवहिनींनी टाळ खाली ठेवले. "हा पेटीवाला हळदीतनं ढोसून आलाय वाटतं." बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले. पण येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. माणूस म्हणजे नुसत्या चुका का हो?

मग तुमचं याच भजनाचं एक रेकॉर्डिंग सापडलं, माझ्याच फोनमध्ये. सुरुवातीला तुम्ही म्हणता, "हां, घ्या." पहिल्यांदा तेवढंच ऐकून बंद केलं. पुढे जायला मला बरेच दिवस लागले.

ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि माझ्या मापाशेजारी ठेवून पाहिलं. बाकी तुम्ही बहुतेक मापात होतात. पण तिसऱ्या ओळीच्या अलीकडे दर वेळी सा धरून ठेवलेला, चांगला ऐसपैस. मी तुम्हाला म्हणायचे, इथे तुमची लय सुटते. तुम्ही म्हणायचात, "मॅडम, देवाला कुठं फास्ट गाडी पकडायचीय?" कधी सरळ उत्तर दिलंत का?

तुमचं थांबणं जसंच्या तसं भजनात घातलं. ऐकलं. तुम्हीच! त्या दुपारी मी ते किती वेळा लावलं, मीनाला विचारा. शेवटी भिंतीपलीकडून ती ओरडली, "काकू, आमालापण पाठ झालं."

गुरुवारी लावलं. पहिली ओळ छान, दुसरी छान. तिसरीच्या अलीकडे पेटी थांबली, आणि बायका पुढे निघून गेल्या. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सुमनवहिनींनी कपाळावर हात मारला.

"अगो, ही गंगामावशीसाठी थांबलीय. म्हातारी तिकडं नाशकात लेकाकडं, नि पेटी इकडं तिची वाट बघतेय!"

मला तेव्हा कळलं. गंगामावशी दमेकरी, पुढे गायच्या त्याच, बाकीच्या त्यांच्या मागून. दोन ओळी झाल्या की त्यांना दम घ्यायला लागायचा. तुम्ही तेवढा वेळ सा धरून बसायचात, म्हणजे कोणाला कळू नये की त्यांना धाप लागलीय. मलाही कळलं नाही. निदान मला सांगायचं होतंत. मी कोणाला सांगणार होते?

आता पुढे सुमनवहिनी गातात. त्यांना दम लागतो पाचव्या ओळीला, आणि तिथे तुमची पेटी धावत सुटली. तुम्ही असतात तर थांबला असतात. कॉम्प्युटरमध्ये मी तुमचं थांबणं भरलं होतं. ऐकणं कसं भरणार?

बरेच दिवस लॅपटॉप उघडलाच नाही. वाटलं, पुरे झालं. मग एकदा केतकीनेच फोनवर सुचवलं. भजनाचे तुकडे केले, ओळीचा एक. एक ओळ संपली की पेटी सा धरून राहते. मी बटण दाबलं की पुढची ओळ.

आज तुमच्या जागी, तुमच्याच सतरंजीवर बसले, मांडीवर लॅपटॉप. स्क्रीनकडे पाहिलंच नाही, सुमनवहिनींच्या खांद्यांकडे पाहत होते. श्वास घेताना खांदे वर जातात, खाली यायला लागले की दाबायचं. वाजवताना तुम्ही मान वर करून बघत बसायचात. देवळात कोण आलं, कोण गेलं, ते बघताय असं मी म्हणायचे. तुम्ही हेच बघत होतात ना?

भजन शेवटपर्यंत झालं. पेटीबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. सुमनवहिनींनी टाळ पुसले आणि म्हणाल्या, "चला, चहा टाका." झालं! कोणाला पेटीची आठवणसुद्धा झाली नाही, याच्यापेक्षा मोठी शाबासकी कुठली? पण हे कळेल असं माणूस एकच, आणि तेच घरात नाही.

इथे मला कोणाच्या श्वासासाठी थांबायचं नाही. जेवायला बसते, कधी संपतं कळत नाही.

"हां, घ्या" मी कापून टाकलेलं नाही. पण देवळात लावत नाही. ते घरचं आहे.

गंगामावशी दिवाळीला गावी येणार आहेत. त्या पुढे बसतील, तेव्हा दोन ओळी झाल्या की मी बटणावरचं बोट उचलून घेईन. सा चालू राहील. कितीही वेळ लागू दे, आणि कोणी विचारलं तर म्हणेन, माझी लय सुटली.

तुमची
मॅडम