टपालवाटेचा वळसा

आबा, गेल्या रविवारी मी तुमची टपालाची फेरी चालून आले. एका ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर, पाठीला सॅक लावून. शाहूवाडीच्या त्या डोंगरात खाकी पिशवी घेऊन अठ्ठावीस वर्षं तुम्ही जी वाट तुडवलीत, तिला आता 'निसर्ग आणि वारसा फेरी' म्हणतात. पोस्टापासून निघायचं, सड्याच्या कातळपठारावर चढायचं, तीन वाड्या करून ओढ्याकाठानं पुन्हा पोस्टाशी यायचं. कागदावर 'मध्यम अवघड' असं छापलं होतं. भर पावसात इरलं घेऊन तुम्ही तीच वाट चालायचात, तेव्हा तिला मध्यम म्हणायला कुणी आलं नव्हतं. टपालवाल्याला लिहिलेलं हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, तेही मला ठाऊक नाही, पण लिहितेय.

वाट सुंदर आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं. सडा सोनकीनं पिवळा झाला होता आणि खाली खाचरांतलं भात कापणीला आलं होतं. तिसऱ्या वाडीतल्या वीरगळांना मात्र कुणीतरी चंदेरी ऑइलपेंट फासलाय. शेकडो वर्षं ऊनपाऊस सोसलेल्या दगडांना! हा कुणाचा उद्योग, म्हणून विचारलं, तर धुणं वाळत घालणारी बाई म्हणते, "पावणं येत्यात न्हवं, मग चकाकाय नको व्हय?" मी तिला काय बोलले ते लिहीत नाही. तुम्ही मला भर रस्त्यात गप्प केलं असतंत.

खरं लिहायचंय ते पुढच्या वळणाबद्दल. तिसऱ्या वाडीतून सरळ वाट देवळावरून, वरच्या आळीतून पोस्टाकडे जाते. पाच मिनिटांची. तुमची वाट देवळाच्या अलीकडेच डावीकडे उतरते आणि काट्याकुट्यांतून, ओढ्याच्या कडेनं सगळ्या गावाला वळसा घालते. चांगला अर्धा तास. मी दहा वर्षांची असेन. सिस्टरांच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले की तुमच्यामागून फेरीला यायची. एकदा विचारलं, "आबा, आपण सरळ का जात नाही?" तुम्ही म्हणालात, "हिकडनं करवंदं घावत्यात की." दिवस दिवाळीचे होते. दिवाळीत करवंदं नसतात, एवढं मला कळत होतं. तरी मी पुन्हा विचारलं नाही. आपण बौद्ध झालो, घरात बुद्धाची तसबीर आली, पण तुमचा वळसा काही सुटला नाही. वरच्या आळीची पत्रं घ्यायला पाटलांचा गडी वेशीवर यायचा. सरकारी शिक्का मारलेली पत्रंसुद्धा तुमच्या हातून त्या दारापर्यंत पोचत नव्हती.

मग नव्वद सालानंतरचा तो हिवाळा. ऑफिसातल्या तीन मैत्रिणींना मी तुमच्या डोंगरात फिरायला आणलं होतं. तुम्ही सत्तरीचे, धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या पुढे. वीरगळापाशी थांबून सांगत होतात, "ही खालती लढाई, ही मधी त्येला न्यायला आलेल्या अप्सरा, आन् वर गेला बघा देवापाशी." मैत्रिणी कौतुकानं ऐकत होत्या आणि माझे वडील म्हणून मी मिरवत होते. वळणावर तुम्ही सवयीनं डावीकडे वळलात. एक मैत्रीण दमली होती. मी म्हटलं, "आबा, सरळ चला. आता कोण अडवतंय?"

तुम्ही थांबलात. मग वाकून पायातलं पायताण काढलंत, हातात घेतलंत आणि आळीत शिरलात. कुणी अडवलं नाही. उंबऱ्यावर बसलेली एक म्हातारीच म्हणाली, "आवो, घाला की पायात. आता कोन काय म्हनतंय?" तुम्ही नुसतं हसलात आणि तसेच चालत राहिलात. तेव्हा मी, सिस्टर आम्हाला ज्या आवाजात दटावत त्याच आवाजात म्हणाले, "चपला घाला आबा. लोक बघतायत." मैत्रिणीनं विचारलं, "काय झालं गं त्यांना?" मी म्हटलं, "काही नाही, पायाला फोड आलाय."

ते तुम्ही ऐकलंत. पायताण घातलंत आणि तिथून पोस्टापर्यंत लंगडत गेलात.

पुढच्याच वर्षी गेलात.

रविवारी त्याच वळणावर आमचा गाइड हात पसरून सांगत होता, "इथून टपालवाले काका मुद्दाम लांबच्या वाटेनं जायचे. ओढ्याचं वेड होतं त्यांना. खरे निसर्गप्रेमी!" सगळे 'वा' म्हणाले, कुणी फोटो काढले. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "कसले निसर्गप्रेमी? त्या माणसाला या आळीतून पायात वहाण घालून जायची सोय नव्हती, म्हणून हा वळसा. ओढा बघायला नव्हता जात तो. लिहून घ्या, आणि पुढच्या खेपेला हेच सांगा." तिशीचा तो बाप्या लाल झाला. "मॅडम, हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हाय," म्हणाला आणि खरोखरच वही काढून लिहायला लागला. मग पेन थांबवून त्यानं साधेपणानं विचारलं, "पण तुम्हाला कसं म्हाईत? तुमचे कोण लागत होते काय ते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तीस वर्षं ऑफिसात साहेबांना तोंडावर सुनावलेली बाई मी, मला शब्दांचा तोटा कधी पडला नव्हता.

मी म्हटलं, "नाही. ऐकलंय कुठंतरी."