अठराच्या खालचा तीन

प्रॉव्हिडन्स,
१ मार्च १९९८

चि. नेरेइदा हिस, दादाचे अनेक आशीर्वाद.

“या शर्टाला पळायची सवय आहे, मी नुसता आत बसून जातो,” असं बाबा म्हणायचे, आठवतं? घरातून कधीचा नाहीसा झालेला तो शर्ट आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे! इथल्या एका निवृत्त मास्तरांच्या संग्रहात सापडला. बदल्यात माझ्या संग्रहातले तीन चांगले शर्ट द्यावे लागले. तुझी वहिनी म्हणते, दुसऱ्यांच्या घामाचे कपडे जमवणारा नवरा वैरिणीलाही मिळू नये.

राखाडी लोकर, कोपराला रफू, पाठीवर आईने शिवलेला लाल अठरा. उजेडात धरला की अठराच्या खाली लोकरीत गडद तीन दिसतो, भोवती जुन्या टाक्यांची भोकं. कॉलरच्या आत पेगेरोचं, कारखान्याच्या बेसबॉल संघातल्या बाबांच्या दैवताचं, नाव. म्हणजे बाबा सांगायचे ते खरंच. पेगेरोने अजिंक्यपदाच्या सामन्यात घातलेला शर्ट पुढल्या हंगामात त्यांना, राखीव खेळाडूला, मिळाला होता.

आम्ही संग्राहक अशा शर्टाला मूळ रूप देतो. वरचा आकडा उसवायचा आणि जुन्या भोकांतून पहिला परत शिवायचा. तो तीन कुठल्या कापडाचा होता, एवढं आईला विचार.

तुझा दादा,
विल्फ्रिदो

सान पेद्रो,
१० मार्च

ति. दादास, नेरेचा सा. न.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती राजम्याची गोड खीर ढवळत होती, पळी तशीच धरून बसली. म्हणाली, सगळे आकडे कारखान्याच्या कचेरीतल्या टेबलावरच्या जुन्या लाल बनातीचे. मग विचारलं, आठ अजून डावीकडे कललाय का? तुझ्या वेळचा आठवा महिना होता. शर्ट पोटावर पसरून ती शिवत होती आणि तू आतून लाथा मारत होतास. म्हणाली, तेव्हाही कार्ट्याने माझं काम बिघडवलं, आता उसवायलाच निघालाय. हसली, पण खीर खाली लागली.

दादा, अख्ख्या हंगामात बाबांच्या हातात चारदा बॅट आली. एकोणऐंशीच्या वादळात फोटो गेले. कारखान्याच्या दप्तरात त्यांचं नाव नाही. बाबा खेळले होते हे सांगणारं त्या अठराशिवाय काही उरलेलं नाही. उसवू नकोस.

तुझी,
नेरे

प्रॉव्हिडन्स,
१८ मार्च

प्रिय नेरे,

आठ कललाय. दोन दिवस त्याच्याकडेच बघतोय.

पण बाबा तुलाही माहीत होते. पाहुणा आला की ते अठरा दाखवायचे नाहीत, कॉलर उलटून पेगेरोचं नाव दाखवायचे. आज असते तर कात्री त्यांनीच आणून दिली असती. अठरा कुणाचा, हे इथे कुणी विचारत नाही. पेगेरोचा तीन पाहिला की इथे आलेले आपल्याकडचे म्हातारे डोळे पुसतात. बाबांनी ज्याच्यावर जीव टाकला, तो मला परत उभा करायचाय. सोमवारी, सहा एप्रिलला, शर्ट शिवणारीकडे जाईल. रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

दादा

सान पेद्रो,
२७ मार्च

ति. दादास, सा. न.

रागावले होते. दोन दिवसांनी राग उतरला.

तुझं खरं आहे, कात्री त्यांनीच दिली असती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना जागा करून दिली, मैदानात, घरात, स्वतःच्या पाठीवरसुद्धा. लहानपणी मला तो त्यांचा चांगुलपणा वाटायचा. आता चाळिशी ओलांडल्यावर वाटतं, आपल्यापैकी कुणीतरी एकदा त्यांना अडवायला हवं होतं. आईसुद्धा तुझ्याच बाजूची. म्हणते, आकडा माझा, शर्ट पेगेरोचा, करू दे त्याला. तेव्हा उसवण्यावर मी आता बोलत नाही.

वहिनीला, मुलांना प्रेम सांग. तुझी माया माझ्यावर आहे तशी राहू दे, कारण आता जे मागणार आहे ते तुला आवडणार नाही.

सहा तारखेच्या आधी तो शर्ट एकदा अंगात घाल. तुम्ही संग्राहक हातमोज्यांशिवाय अशा शर्टाला हात लावत नाही, हे मला ठाऊक आहे. लोकर विरली असेल, काखेत टरकेल, आणि तू सरळ नाही म्हणशील. तरी बटणं लाव, अंगणात उन्हात अठरा दिसेल असा पाठमोरा उभा राहा, आणि वहिनीला एक फोटो काढू दे.

नेरे