टिपक्याचा पट्टा आजपासून कोणाच्या हाती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाट्या रंगवणे, आज मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शुद्धीवर आहे हे मी एकटाच म्हणत नाही. डॉक्टर समोर बसले आहेत. त्यांनी वार, महिना, मुलीचं नाव विचारलं आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. एकदाच चुकलो. गेल्या गुरुवारपर्यंत मी हे वाक्य बिनधास्त लिहिलं असतं. आता डॉक्टरांकडे बघून लिहितो आहे.

कलम १. राहत्या दोन खोल्या माझ्या मुलीला. ती रोज फोनवर "बाबा, जेवलात का?" विचारते आणि मी हो म्हणतो. त्यातले किती 'हो' खरे होते, हे आता मलाही सांगता येणार नाही. तिने रागावू नये.

कलम २. सर्व ब्रश, पट्ट्या आणि भोकं पाडलेले कागद शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना. ब्रश डब्यात केसांवर उभे ठेवलेले दिसले तर मुलीने ते खुशाल परत आणावेत. निळीचा डबा मात्र कोणालाही देऊ नये, फेकून द्यावा. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. इमारतीसमोरच्या बागेतली पाटी मी रंगवली आहे, ती तिथेच राहावी. "कुत्र्याची घाण मालकाने तिथल्या तिथे उचलावी. पट्टा हातात असावा." अक्षरं चार इंच, लाल. ती कोणी सांगितलं म्हणून केली नाही. माझी बायको शेवटची दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत होती आणि चाकं स्वतःच्या हाताने फिरवायची. एकदा बागेत चाक घाणीतून गेलं. तिला कळलं तेव्हा दोन्ही तळवे भरले होते. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "लोकांना इतकंही समजू नये का हो?" मी तिचे हात नळाखाली धुतले आणि त्याच दिवशी पत्रा कापायला घेतला. ती गेल्यावर माझा कुत्रा टिपक्या घरात आला. त्याला मी रोज सकाळी सातला पट्टा लावून, खिशात कागदी पिशवी घेऊन फिरवतो आणि वाकून उचलतो. गुडघे बोंबलतात, तरी उचलतो. सगळ्या इमारतीने हे पाहिलं आहे.

कलम ४. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंविरुद्ध मी सोसायटीला केलेले सर्व अर्ज (चौदा आहेत म्हणे) बिनशर्त मागे घेतो.

पाटीच्या अगदी समोर घाण पडू लागली, तेव्हा मी बाईंच्या कुत्रीवर ठपका ठेवला. पाटीमुळे खिडकीतला उजेड अडतो अशी तक्रार त्यांनी पूर्वी केली होती, ते माझ्या मनात होतंच. पत्र्यावर अक्षरं उतरवताना आम्ही कागदाला सुईने भोकं पाडून त्यावर निळीची पुरचुंडी आपटतो. बुधवारी संध्याकाळी तीच नीळ मी पाटीसमोर भुरभुरली. गुरुवारी सातला सोसायटीच्या सेक्रेटरींना हाताला धरून घाईघाईने खाली नेलं, जिन्याकडे पाहिलंही नाही. घाण होतीच. बाजूला निळी पावलं, एक चपलांचा जोड आणि चार पंजे. "चला, चोर दाखवतो," म्हणालो.

पावलं बाईंच्या दारापाशी थांबली नाहीत, जिना चढली. पहिल्या मजल्यावर माझ्या दारात गेली. दारात पडलेल्या माझ्या फिरायच्या चपलांचे तळ निळे होते. "माझ्या चपला चोरल्या हो!" असं मी ओरडलो, हे मला चांगलं आठवतं. मग पलंगाखालून टिपक्या शेपूट हलवत बाहेर आला आणि फरशीवर निळे ठसे उमटवत माझ्याकडे चालत आला. मी वाकून त्याचा पंजा उलटून पाहिला.

बाई मागोमाग वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज पहाटे पाचला येता. मी मशीनवर बसलेली असते. हाक मारली तर ओळखत नाही. टिपक्याला पट्टाही नसतो. परवा तो दुधाच्या गाडीसमोर गेला, मी धावत जाऊन ओढला."

"आणि घाण?"

"मीच उचलते. एखाद्या दिवशी कापड अर्धवट असतं, उठता येत नाही. तेवढीच तुम्हाला दिसते."

"मग तुमची कुत्री?"

"तिला जाऊन आठ महिने झाले, काका. खड्डा तुम्हीच खणलात. तुम्हाला दर वेळी सांगते. दर वेळी तुम्हाला रडू येतं. आठवड्याने पुन्हा अर्ज येतो."

सेक्रेटरींकडे पाहिलं. ते फरशीकडे बघत होते. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी पलंगावर बसलो तो दुपारपर्यंत उठलो नाही.

कलम ५. टिपक्या, त्याचा पट्टा, लसीचं कार्ड आणि पिशव्यांचा गठ्ठा बाईंना. वकील म्हणतात मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. माझ्या मरणाची वाट बघत टिपक्याने पट्ट्याशिवाय रस्ता ओलांडायचा का? हे कलम आजपासून लागू. त्याला ज्याच्या हातात पट्टा आहे असा माणूस हवा, आणि तो मी राहिलो नाही. हे लिहिताना मला फार दुःख होत आहे.

कलम ६. मी उद्या उलटलो, टिपक्या परत मागितला किंवा बाईंना नको ते बोललो, तर त्यांनी वाद न घालता हा कागद माझ्यापुढे धरावा. म्हणून कागद त्यांच्याकडेच राहील. ज्याला काही मिळायचं त्याने साक्ष करू नये, म्हणून खाली त्यांची सही नाही.

साक्षीदार: डॉक्टर (सही). सोसायटीचे सेक्रेटरी (सही).
ठिकाण: माझं राहतं घर, जिन्याला लागून असलेली खोली.
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५. डॉक्टरांना विचारून लिहिली.
(सही) पाट्या रंगवणारा

ताजा कलम, त्याच दिवशी, संध्याकाळी सहा. टिपक्या घरात नाही म्हणून मी आरडाओरडा करत खाली आलो आणि बाईंना चोर म्हणालो. त्यांनी हा कागद पुढे धरला. वाचता वाचता निळ्या पावलांच्या मजकुरापर्यंत आलो आणि तिथेच पायरीवर बसलो. यातलं काहीही घडल्याचं मला आठवत नाही. पण अक्षर माझं आहे. सबब सर्व कलमं मान्य.

(सही)
साक्षीदार: पुन्हा सेक्रेटरी (सही)