एक जूनची मुलं

शहादा
शनिवार, २४ मे २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांना सीमाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. रविनाचं नाव क्रीडाशाळेच्या यादीतून ऑफिसच्या चुकीमुळे गेलं, असं मी कळवलं होतं. ऑफिसची चूक नव्हती, माझी होती. रंजनाबाई, अंगणवाडीत तुम्ही बाबांना पत्र वाचून दाखवता तेव्हा मला वाईट वाटू नये म्हणून काही ओळी गाळता, हे मला ठाऊक आहे. ही गाळू नका.

पहिल्यापासून सांगते. कॉलेजने मला इंटर्नशिपसाठी आपल्याच जुन्या आश्रमशाळेत पाठवलं आहे. उन्हाळी वर्गाला एक्केचाळीस मुलं राहिली आहेत. सकाळी मैदान, मग वाचन, आणि दुपारी ती झोपली की मी ऑफिसात बसून त्यांची माहिती कॉम्प्युटरवर भरते. भरताना दिसलं की चौतीस जणांची जन्मतारीख एक जून आहे. माझीही तीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. मला ते बघवेना. आमचं राहू दे, पण या मुलांच्या कागदावर तरी खरं असावं, असं वाटलं.

मग रविवारी भेटायला येणाऱ्या माणसांना विचारून मी वेगळी यादी केली. कोण ज्वारीच्या कापणीतला, कोण होळीची. मुख्याध्यापक उमाकांत सरांना सांगायचं राहून गेलं, असं आत्ता लिहिणार होते. खरं म्हणजे ते नको म्हणतील म्हणून मी सांगितलंच नाही.

आपल्या पाड्यावरच्या रेवाआजी नातीला भेटायला आल्या, तेव्हा त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, आपला पूल वाहून गेला, त्याच्या पुढच्या होळीला रविना झाली. पूल गेलेला मला आठवतो. मी पहिलीत होते आणि बाबा, तुमच्या खांद्यावर बसून पाणी ओलांडलं होतं. म्हणजे दोन हजार दहाचा पावसाळा, आणि रविनाची होळी दोन हजार अकराची. नाशिकच्या निवासी क्रीडाशाळेचा फॉर्म मीच भरला आणि त्यात हीच तारीख टाकली. सरांनी माझ्यावर भरवसा ठेवून सही केली. तिकडून कळवलं की तेरा वर्षांच्या आतल्याच मुली घेतात, ही चौदाची आहे. शाळेच्या रजिस्टरात एक जून दोन हजार तेरा आहे. मी हात लावला नसता तर ती गेली असती.

हरकत असेल तर दहा जूनपर्यंत कळवायची आहे. पण काय कळवू? जुनी तारीख परत लिहिली तर जाणूनबुजून खोटं लिहिल्यासारखं होईल. नाही लिहिली तर रविना राहील. सरांना अजून काही माहीत नाही. त्यांना वाटतं नाशिकवाल्यांचाच काही घोळ आहे.

रविनाला मी सांगितलंय की यादी यायची आहे. हे दुसरं खोटं. ती पहाटे उठून कळसाडीच्या रस्त्याला उसाच्या कडेने पळून येते आणि मला किती मिनिटं झाली ते विचारते. मी सांगते, ती माझ्याकडे जरा वेळ बघते, मग दात घासायला जाते. स्वयंपाकघरातल्या जन्नतबी मला आमनी मास्तरीण म्हणतात. मी जेवत नाही म्हणून त्यांनी परवा दटावलं, की वहीत डोकं घालून काय करी ऱ्हायनी, वहीने पोट भरतं का. जेवते आहे, आईने काळजी करू नये.

रेवाआजींना एवढ्यात सांगू नका. मीच येऊन सांगेन. माझ्यावरचा राग कळवलात तरी चालेल, पण काहीतरी कळवा.

तुमची
सीमा


रविवार, १ जून २०२५

चि. सीमा हिला दलसिंगदादा आणि वहिनींकडून अ. उ. आ. हात रंजनाबाईचा, बोल दादांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा.

आधी माझं. आज एक जून. कागदावर तुझा, माझा आणि अर्ध्या पाड्याचा वाढदिवस. सगळ्यांना मिळून एकच शुभेच्छा, वाटून घ्या.

पत्र एक ओळ न गाळता वाचलं. दिलवरसिंगच्या जीपचा टायर फुटल्याने ते इथे पोचायलाच पाच दिवस लागले. नेटवर्क असतं तर टेकडीवर चढून तुला फोनवर ओरडून सांगितलं असतं. रेवाबाईंना सांगू नका असं तू लिहिलंस, पण त्या अंगणवाडीच्या ओट्यावरच बसल्या होत्या आणि माझा आवाज तुला माहीत आहे. तेव्हा ते गुपित राहिलं नाही. माफ कर.

आता दादा. त्यांनी आधी पत्र शेवटपर्यंत ऐकलं. मग हसले. मला राग आला, पोरगी तिकडे जेवत नाही आणि हे हसतात. तर ते म्हणतात, सीमाला सांग, पूल दोनदा गेला.

पहिला गेला तेव्हा तू त्यांच्या खांद्यावर होतीस, तुझं बरोबर आहे. सरकारने पुढच्या वर्षी नवा बांधला. तो दोन पावसाळे टिकला नाही. दुसऱ्यांदा गेला तेव्हा तू इथे नव्हतीस, तिसरीला आश्रमशाळेत गेली होतीस. रेवाबाई म्हणतात त्या दुसऱ्या पुलाबद्दल. त्या सालच्या पुढच्या होळीला, ढोल वाजत असतानाच, रविना झाली. सुईण नाचायला गेली होती, तिला ओढून आणावं लागलं. हे पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पूल म्हटलं की आम्हाला दुसराच आठवतो, पहिल्याचं कुणी नाव काढत नाही.

रेवाबाईंचा निरोप जसाच्या तसा लिहिते. त्या म्हणतात, पोरगी माझ्यासमोर पेन घेऊन बसली होती, कोणता पूल एवढं विचारायला तिची जीभ झिजली असती का. आणि मग म्हणाल्या, तिला दोन घास जेवायला सांगा, रविनापेक्षा तीच बारीक दिसत होती.

दादांची अजून एक गोष्ट आहे. ती सांगताना ते माझ्याकडे न बघता दोरी वळत होते. त्या साली पंधरा ऑगस्टच्या झेंड्यानंतर दोन दिवसांची सुट्टी होती. तुला घ्यायला ते निघाले, तर पूल आदल्या रात्री गेलेला. डोंगराच्या वरच्या अंगाने फिरून ते सतरा तारखेला शाळेत पोचले. सुट्टी संपली होती. सगळी मुलं घरी जाऊन परत आली होती आणि तू एकटी वसतिगृहात राहिली होतीस. तू त्यांच्याशी बोलली नाहीस. खांबाला धरून उभी राहिलीस आणि आणलेली बोरंसुद्धा घेतली नाहीस, असं म्हणतात. मी विचारलं, ऑगस्टात बोरं कुठून. तर म्हणाले, बोरं नसतील, शेंगा असतील, पण घेतल्या नाहीत.

तेव्हाच्या गुरुजींनी त्यांना उशिराचं कारण विचारून वहीत लिहिलं आणि खाली अंगठा घेतला. दादा म्हणतात, माझा शब्द कोण मानणार, पण अंगठा तिथे असेल. वही शोध.

आई ठीक आहे. पापड वाळत घातलेत, शेळीने चार खाल्ले. इथली माया आहे तशीच आहे, तू मात्र तब्येत सांभाळ.

दलसिंगदादा
(आणि रंजनाबाई)


शहादा
गुरुवार, ५ जून २०२५

तीर्थरूप बाबा, आई यांना शि. सा. न. वि. वि., आणि रेवाआजींना माझा दंडवत.

वही सापडली. धान्याच्या कोठीमागे जुन्या रजिस्टरांचा ढीग आहे. जन्नतबींनी किल्ली दिली आणि झुरळं मारायला स्वतःही आल्या. विद्यार्थी सुट्टी रजिस्टर, दोन हजार बारा. माझ्या नावापुढे लिहिलं आहे: इयत्ता तिसरी, पालक १७ ऑगस्ट रोजी आले, कारण पूल वाहून गेला, सुट्टी संपल्याने विद्यार्थिनीस पाठवले नाही. खाली निळ्या शाईचा अंगठा आहे. जरा फिरलेला, हात ओला असावा तसा.

म्हणजे रविनाची होळी दोन हजार तेराची. ती बारा वर्षांची आहे. गुरुजींचा एक जून माझ्या हिशेबापेक्षा खऱ्याच्या जवळ होता.

हे वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी आता यादी पुन्हा बघितली. रविनाशिवाय आणखी तीन मुलांची तारीख मी त्याच पुलावरून काढली आहे, आणि बाकीच्यांच्या बाबतीत कुठला पूर, कुठली रोगाची साथ, कुठलं लग्न, हे मी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. माझ्या आठवणीलाच मी पुरावा समजले. त्यामुळे सरांसमोर फक्त रविनाचं ठेवून भागणार नाही, सगळी यादी ठेवावी लागेल. सही त्यांची आहे, त्यांना वरून विचारतील. ते मला घरी जायला सांगू शकतात. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर कॉलेजचं हे वर्ष अडकेल. आईला हे एवढं सगळं सांगू नका, किंवा सांगा, तुम्ही ठरवा.

रविनाला काल खरं सांगितलं. मैदानावर, ती बूट सोडत होती तेव्हा. ती म्हणाली, तिला कळलंच होतं, कारण मी हल्ली वेळ सांगताना घड्याळाकडे बघत नाही. मग तिने विचारलं, नाशिकला पळायला खरंच लाल ट्रॅक असतो का. मी असतो म्हणाले. मी बघितलेला नाही, पण फोटोत आहे.

बाबा, मला तो खांब आठवतो. शेंगाही आठवतात. तुम्ही का उशिरा आलात हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही.

वही मी माझ्या पेटीत ठेवलेली नाही. ती शाळेची आहे, म्हणून कोठीतच ठेवली आहे आणि किल्ली जन्नतबींकडे आहे. सर प्रशिक्षणासाठी नंदुरबारला आहेत, शनिवारी संध्याकाळी येतील. रविवारी ऑफिस बंद. दहा तारीख मंगळवारची.

माझ्यावरचा तुमचा जीव या पत्रानंतरही तसाच असू द्या.

तुमची
सीमा

ता. क. दिलवरसिंगच्या जीपमध्ये जागा मिळाली तर या. सर अंगठ्याबद्दल विचारतील तेव्हा तुम्ही शेजारी असलात तर बरं. उशीर झाला तरी या, या वेळी मी तुमच्याशी बोलेन. पण वाट बघत थांबणार नाही. वही आणि यादी घेऊन मी सरांच्या खोलीत जाणार आहे सोमवारी, ९ जूनला, ऑफिस उघडल्याबरोबर.