दुकानाच्या नावाची मुदत

छोट्या,

जेवण झाकून ठेवलंय. मी दुकानात चालले आहे, संध्याकाळी उशिराच येईन.

काल कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचा फोन आला. "ताई, दुकान बंद केलंत होय? मशीन बिघडलंय आणि तुमची वेबसाइट तर उघडतच नाही." म्हणून मी डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटचं नाव जिथे नोंदवलंय त्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, मुदत संपतेय म्हणून आम्ही महिनाभर आधीपासून कळवतोय. संपली त्या दिवशीही मेल पाठवला." कुणाला, असं विचारलं तर तिने तुझाच ईमेल वाचून दाखवला.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. वेबसाइट गेली की गिऱ्हाईक तुटेल आणि आई मुकाट्याने घरी बसेल, असंच ना? माझ्या काळजीपोटी केलंस, हे कळतं रे. पण गुडघा माझा धरलाय, दुकानाचा नाही. आणि माझ्याशी भांडायचं तर तोंडावर भांडायचं.

नशीब, मुदत संपल्यावरही थोडे दिवस नाव राखून ठेवतात. खातं माझ्याच नावावर होतं, त्यामुळे कालच नूतनीकरण करून टाकलं. ईमेलही बदलला. यापुढची आठवण थेट मलाच येईल.

"या वयात आणखी किती वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करत बसणार?" असं परवा मामाला म्हणत होतास, ते मी ऐकलं.

एकदम दहा वर्षांचं केलंय.

– आई